पिवळ्या पानांचं ऑफिस

लोक विचारतात, माती तपासायच्या नोकरीत किस्से कुठून मिळतात? अहो, शेतकरी पिवळं पान घेऊन यायचा आणि पानाबरोबर घरचं सगळंच टेबलावर ठेवायचा! महाराष्ट्र नवानवा होता. संग्रामपूरकडच्या एका छोट्या संशोधन केंद्रात मी असिस्टंट होतो. साहेब पुण्याचे, पिकांना लागणारं लोह हा त्यांचा विषय.

*

लोह कमी पडलं की पान पिवळं पडतं, हे ऐकून एकानं संत्र्याच्या बुडाशी गंजके फाळ, नाल, खिळे पुरले. तरी पानं पिवळीच!

साहेब म्हणाले, "लोह तुमच्या मातीत भरपूर आहे. चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही."

"म्हंजे बैलाले मुसकं बांधून कडब्यात उभं केलं!"

साहेबांनी हे वाक्य पुढच्या लेक्चरला वापरलं.

*

एक बाळंतीण, पांढरीफटक. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती परसातल्या लिंबोणीच्या झाडाला घालायची! सासऱ्यानं तिला आमच्याकडे आणलं.

"काऊन टाकते, विचारा हिले!"

ती हळूच म्हणाली, "ते माह्यापेक्षा पिवळं हाय."

साहेबांनी झाडासाठी हिराकस, म्हणजे पाण्यात विरघळणारं लोहाचं खत, दिलं. "झाडाचा डॉक्टर मी. गोळ्या तुम्ही खायच्या!"

दोन महिन्यांनी ती लिंबं घेऊन आली. साहेबांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लिंबांकडे.

*

सोनाजी आमचा शिपाई, रिटायरमेंटला आलेला. भुईमुगाच्या बारा कुंड्यांपैकी सहांना हिराकस द्यायचं, सहांना मुद्दाम नाही, असा प्रयोग होता. दौऱ्यावरून परतलो तर बाराही हिरव्यागार! तीन महिन्यांची मेहनत वाया.

"म्याच फवारलं, साहेब. एका पंगतीत सहा जेवतात, सहा तोंडाकडं पाह्यतात. मले पाहावलं नाही."

साहेब रागावले नाहीत. प्रयोग पुन्हा मांडला आणि सोनाजीला सक्तीची रजा दिली!

*

गिरजाबाई एकटीनं केळी सांभाळायची. हिराकस नेताना तिनं रजिस्टरवर अंगठा उठवला आणि तो लगेच पदरात लपवला. साहेबांनी तिच्या बागेत एका पिवळ्या पानावर ब्रशनं हिराकसच्या पाण्याचा पट्टा ओढून दाखवला. "एवढाच भाग हिरवा होईल, बघा." ब्रश तिच्याकडेच राहिला.

पंधरा दिवसांनी गेलो. पट्टा हिरवा झाला होता. पण बाईनं आम्हाला पुढच्या झाडाशी नेलं. पिवळ्या रुंद पानावर हिरवी, वाकडीतिकडी अक्षरं उमटली होती: गिरजा.

"नातीनं शिकवलं. कागदावर हात कापते माहा."

साहेबांनी वाकून अक्षरं वाचली. तेवढ्यात ती म्हणाली,

"रजिस्टरातला अंगठा खोडता का आता?"