डागाळलेली पानं

बाजाराच्या तळघरात, जिथे भर दुपारीही ट्यूब लावावी लागते, तिथे बारीकरावांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक बाकडं आणि कोपऱ्यात माशांची टाकी. बारीकराव हे नाव गिऱ्हाइकांनी पाठीमागे ठेवलेलं, आणि ते काही उगाच पडलं नव्हतं. "बाजूचे थोडेच घ्या" म्हणून बसलेला माणूस उठायचा तो कानांना वारा लागत. कात्री हातात आली की थांबायचं कुठे, हे या गृहस्थांना उभ्या जन्मात कळलं नाही.

टाकी त्यांची नव्हे, मुलीची. दुसरी खुर्चीही तिचीच. ती बापाच्या हाताखाली शिकली आणि बघता बघता तिचा हात असा बसला, की बापाची खुर्ची रिकामी असतानाही लोक बाकड्यावर पेपर वाचत तिच्यासाठी थांबू लागले. बारीकरावांनी यावर उपाय काढला. तिने कापलेलं डोकं, गिऱ्हाईक उठायच्या आत, ते आपल्या कात्रीने 'जरा नीट' करायचे. सगळ्यांदेखत. आधी एखाद्या वेळी, मग रोजच. शेवटी एक दिवस तिने एप्रन खुंटीला टांगला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात नोकरी धरली. ना भांडण, ना आदळआपट. आदळआपट झाली असती तर परवडलं असतं, निदान समजूत काढायला जागा राहिली असती.

जाताना एवढंच म्हणाली, "टाकी इथेच राहू दे, माझ्या खोलीत जागा नाही. माशांना चिमूटभर खाणं घाला. झाडांचं मात्र काही करू नका. त्यांना ऊन लागत नाही, खत लागत नाही. एवढ्याशा उजेडात आपली आपण वाढतात, म्हणून तर ही आणली."

झाडं म्हणजे दगडावरचं थोडं शेवाळ आणि जावा फर्न नावाचं लांबट पानांचं नेचं. ते खडीत पुरलं तर कुजतं, म्हणून दोऱ्याने लाकडाच्या तुकड्याला बांधलेलं.

बारीकरावांना मुलगी परत हवी होती, दुसरं काही नको होतं. पण तोंडाने म्हणतील तर शपथ. टाकी नीट ठेवली की ती बघायला येईल, बघून खूश होईल, आणि खूश झाली की खुर्चीमागे उभी राहील, असं त्यांचं गणित. फोन करायचे तेव्हा टाकीतल्या पाण्याबद्दल बोलायचे. बायको म्हणायची, "अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? परत ये म्हणा की तिला." पण पुढच्या फोनवर पुन्हा टाकीतलं पाणीच.

मग फर्नच्या पानांवर डाग दिसले. काळपट, फुगीर टिपके, पानाच्या खालच्या अंगाला ओळीने. काहींतून तर केसांसारखं बारीक काहीतरी फुटलेलं. आता केस दिसल्यावर हा माणूस स्वस्थ बसणार? पोरीची झाडं आपल्या हाती मेली तर ती कशाला फिरकते इकडे? त्यांनी कात्री गरम पाण्यातून काढली, बाही वर केली आणि डागाळलेलं पान देठापासून उडवलं. काही दिवसांनी दुसऱ्या पानावर डाग. तेही उडवलं. रोग पुढे आणि कात्री मागे, अशी शर्यत लागली, आणि बारीकराव स्वतःवर भलतेच खूश होते.

सुट्टीच्या दिवशी ती आली आणि आधी टाकीसमोर वाकली. लाकडावर दोन-चार कोवळी पानं उरली होती.

"बाकीची कुठे गेली?"

"रोग पडला होता. काळे डाग. वेळेवर कापली म्हणून एवढी तरी वाचली."

"डाग नव्हते ते, बाबा. या झाडाला पानावरच पिल्लं येतात. त्या टिपक्यांतून मुळं फुटतात, मग नवीन रोप सुटं होतं."

बारीकराव टाकीच्या काचेशी वाकले. "मला वाटलं, बिघडलंय."

"मी कापलेलं डोकं बघूनही तुम्हाला हेच वाटायचं."

इतके दिवस फोनवर न म्हटलेलं शेवटी बाहेर पडलं. "परत ये," ते म्हणाले.

"नाही येणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिकडे मी कापल्यावर कुणी मध्ये हात घालत नाही."

लागलं त्यांना. फार लागलं. पण मुलीचं लक्ष त्यांच्या मानेकडे गेलं होतं. ती गेल्यापासून बारीकरावांचे केस कुणी कापलेच नव्हते. दुसऱ्या कुणाच्या हाती ते डोकं द्यायचे नाहीत.

"बसा," तिने आपली जुनी खुर्ची पुढे ओढली.

"बारीक कर."

"तुम्ही गप्प बसा."

तिने सावकाश कापले. झाल्यावर बारीकरावांनी आरशात मान इकडे वळवली, तिकडे वळवली. कानांजवळ थोडे राखलेले, मानेवरचा उतार असा की कात्री कुठे थांबली ते कळू नये. खोट काढायला त्यांनी पुष्कळ शोधलं. ती सापडली नाही.

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," ते आरशातल्या तिला म्हणाले. "मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून तर मी कात्री घेऊन यायचो."

"मलाही तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली, आणि त्यांच्या मानेवरचे केस ब्रशने झटकू लागली.