होडीचं अंथरूण

सापगावातला माझा शेजारी कुठल्याही कामाला "त्यात काय हाय?" म्हणतो आणि ते स्वतःच करायला घेतो. त्याची मासेमारीची होडी ज्या ट्रेलरवरून धरणावर जाते, त्याच्या आडव्या फळ्या कुजल्या होत्या. एका खिळ्याने होडीचा तळही फाडला होता. तळ सांधून झाल्यावर त्याने नव्या फळ्यांना गालिचा गुंडाळला.

"बघा भावोजी, मी गोणपाटावर आन् होडी गालिच्यावर!" त्याची बायको मला म्हणाली.

"तुला टोचलं तर तू बोलतेस गो. ती बोलत नाय."

एक फळी मी बसवली, खालून स्क्रू पिळून. घरी जायची घाई होती. "सगळं ठीक आहे," असं न बघताच सांगून टाकलं. हा मात्र होडीच्या जागी पालथा पडला, डोळे मिटून इकडून तिकडे सरकला.

"मास्तर, तुमचा एक स्क्रू लांब झालाय. बरगडीत घुसतोय."

मान खाली घालून मी ट्रेलरखाली शिरलो आणि स्क्रू सैल करू लागलो. तो काही उठेना.

"फिरवा, फिरवा," वरून आवाज आला. "टोचायचा थांबला की होडी सांगेल."