ऑटोवर टाकलेली सवलत

लेकीच्या वर्षभराच्या मेहनतीवर मी तीन दिवसांत पाणी फिरवलं आणि आळ हॅकरवर घातला. मी मुळात कमी बोलणारा. या बाबतीत तर तीन वर्षं अवाक्षर काढलं नाही. आज काढतो.

माझी थोरली, प्राजू, तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. उसाच्या पानाचा फोटो बघून कॉम्प्युटरने रोग ओळखायचा, असा तिचा प्रोजेक्ट. (मी नुसतं पान बघून ओळखतो, पण मला कुणी पदवी देत नाही!) त्यासाठी लागणारा दांडगा कॉम्प्युटर कुठेतरी लांब होता आणि इंटरनेटवरून भाड्याने मिळायचा.

सुट्टीला घरी आली तेव्हा तिने समजावलं, "पप्पा, याला क्लाउड म्हणत्यात. एरवी लई महाग. आम्हाला विद्यापीठाकडून सवलत हाय, वर्षाला ठरावीक तास फुकट."

'फुकट' मी नीट ऐकलं. 'ठरावीक तास' म्हणताना नेमका बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

मग मायलेकी तीन दिवस शिरूरला लग्नाला निघाल्या. उसाचं पाणी चालू होतं म्हणून मी गावी, पाटसलाच राहिलो. जाताना प्राजूने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "चार वाजता काम संपंल. मग हे बटण दाबा, मशीन बंद होईल. इसरू नका!"

विसरलो नाही. बरोबर चारला बोट बटणावर नेलं आणि हातच अडला. आमच्याकडे शेतीपंपाचं बिल हॉर्सपॉवरवर. मोटार तासभर चालो की आठ तास, आकडा तोच. म्हणून स्टार्टर ऑटोवर टाकलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. चालती मोटार हाताने बंद करणाऱ्याला आमच्यात येडा म्हणतात!

तेवढ्यात माझे चुलतभाऊ आप्पा आले. वयाने मोठे, अकलेने त्याहून मोठे (असं तेच सांगतात).

"काय करतुयास?"

"पोरीचं मशीन बंद करतुय, आप्पा. सवलतीतलं हाय."

"सवलतीतलं? आन् बंद? आरं, सवलत आज हाय, उद्या न्हाई! एकावर काय भागतंय? ठिबकची सवलत आली तवा मी पाइप जास्तीचाच उचलला का न्हाई?"

(तो पाइप अजून त्यांच्या गोठ्यात उंदीर खातायत.)

खाली आणखी एक मशीन सुरू करायचं बटण होतं. दाबलं. त्याने नाव विचारलं. मी लिहिलं, 'विहीर'. दुसऱ्याचं 'बोअर'.

"माझ्याबी नावचं टाक की एक!" टाकलं, 'आप्पा'.

"पर आप्पा, ह्यांना काम काय सांगायचं?"

"चालू तर राहू दे. काम काय, निघतंय."

तीन दिवस चार मशीनं रात्रंदिवस चालली. मी जाता-येता लॅपटॉप उघडून चार हिरवे ठिपके बघायचो. चार शेतांना पाणी लागल्यासारखं गार वाटायचं!

प्राजू परतली, लॅपटॉप उघडला आणि मटकन बसली. "सगळं तास संपलं! सोमवारी परीक्षक येणार, आन् निम्मं काम राहिलंय!" तिच्या डोळ्यांत पाणी.

"अवो, कुणी हात लावला ह्याला?" बायकोने विचारलं.

उभ्या आयुष्यात मी एवढ्या चपळाईने कधी बोललो नव्हतो. "हॅकर असंल!"

"व्हय, व्हय," दारात टेकलेले आप्पा म्हणाले. "दौंड जंक्शन जवळ. कुठकुठली माणसं उतरत्यात तिथं!"

बायकोने त्याच दिवशी दाराला नवं कुलूप आणलं. प्राजूने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या डेमू गाडीने पुणं गाठलं. मला दोन दिवस भाकर गेली नाही.

पण विद्यापीठाने तास वाढवून दिले आणि प्रोजेक्ट पार पडला. निकालानंतर पेढे द्यायला गेलो, तर तिच्या सरांनी मला आग्रहाने चहाला बसवलं.

"काय म्हणते विहीर?"

मला भरून आलं. एवढा मोठा माणूस आणि शेतकऱ्याची केवढी आस्था! "पाणी मुबलक हाय, सर."

"आणि बोअर?"

"बोअर तर ऑटोवरच. बंद करायचं नावच काढत न्हाई आम्ही!"

सरांना असा ठसका लागला की चहा टेबलावर सांडला. डोळे पुसत म्हणाले, "आणि आप्पा?"

"त्येबी जोरात हायेत!"

परवा प्राजू नोकरीवरून सुट्टीला आली. मला राहवेना. "प्राजू, तो हॅकर... मीच व्हतो."

ती भाकरी मोडत म्हणाली, "ठाव हाय की, पप्पा. कोणता हॅकर मशीनीला 'बोअर' म्हणंल? दुसऱ्याच दिवशी सरांना खरं सांगितलं, म्हणून तर तास वाढवून मिळालं. आईलाबी तवाच सांगितलंय."

बायको आमटी वाढताना खाली बघून हसत होती.

म्हणजे तीन वर्षं माझं मन आतल्या आत जळत होतं, ते कुणाच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. पण काय करणार? एकदा चालू झालेलं बंद करायची सवयच नाही मला!