गोदामातला चौथा फोन

निवृत्तीनंतरची एक चौकशी अजून माझ्या मनातून जात नाही. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढून मी दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका मालवाहतूक कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो.

कंपनीने टेलिफोनच्या जुन्याच तारांवरून वेगवान ब्रॉडबँड घेतलं होतं. पण रोज दुपारी सव्वा वाजता नेट पडायचं आणि वीसेक मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. तेवढ्यात कस्टम्सचे कागद अडकायचे, ट्रक खोळंबायचे. आमचे मॅनेजर पुण्याचे. ते वैतागून म्हणाले, "साहेब, हे आपल्या वसईवाल्याचंच काम. आठवड्यात छडा लावा, नाहीतर त्याचा व्हिसा कॅन्सल, खलास."

वसईवाला म्हणजे नेटवर्क सांभाळणारा तरुण. बायकोला सातवा महिना. नोकरी गेली असती तर दोघांनाही देश सोडावा लागला असता.

मी त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि गप्प राहिलो. समोरचा गप्प बसला की अपराधी माणूस बडबडू लागतो, हा माझा अनुभव. हा बडबडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, नेट ड्रॉप होईल तेव्हा तुम्ही स्वतः फोन उचलून ऐका. मला भीती वाटते."

सव्वाला मी रिसेप्शनवरचा फोन उचलला. डायल टोन नव्हता. कुणीतरी संथ श्वास घेत होतं. "कोण बोलतंय?" मी विचारलं. श्वास थांबला. मी रिसीव्हर तरुणाच्या हातात दिला.

"याच लाईनवर कुठेतरी आणखी एक फोन आहे, नेट आणि आवाज वेगळे ठेवणारा फिल्टर नसलेला," तरुण म्हणाला. "तो उचलला की नेट पडतं. पण सर, ऑफिसात तीनच फोन आहेत, आणि तिन्हींना मी फिल्टर लावलेत."

आम्ही वायर धरून भिंतीलगत निघालो. ती जुन्या स्टोअरमध्ये शिरत होती. तिथला स्टोअरकीपर कामावर असतानाच टेबलाशी वारला, त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरांकडे.

दुसऱ्या दिवशी सव्वाला कुलूप उघडं दिसलं. आत टेबलावर दोन डबे उघडून ठेवले होते. एकापुढे मॅनेजर बसले होते, जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून. दुसरी खुर्ची रिकामी होती.

"वीस वर्षं आम्ही इथेच जेवलो," ते म्हणाले. "जेवताना तो घरी फोन लावायचा. वहिनींशी बोलून झालं की रिसीव्हर मला द्यायचा."

आपल्यामुळे नेट पडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कळल्यावर त्यांनी तरुणापुढे हात जोडले. त्याची नोकरी वाचली. त्याने लगेच त्या फोनची वायर कापली. तक्रारदाराचा जबाब आधी घ्यायचा, हे शिपायालाही ठाऊक असतं. पण मॅनेजरांचा शब्द प्रमाण मानून मी त्यांचा जबाब घेतलाच नाही, याची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात स्टोअरवरून जाताना आत बोलणं ऐकू आलं. डोकावलो. कापलेली वायर फरशीवर तशीच पडली होती. मॅनेजरांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "घ्या साहेब, तो तुम्हालाच विचारतोय."

सराईत गुन्हेगारांसमोर मी कधी मागे सरलो नाही. त्या दिवशी मात्र दार ओढून घेतलं. काही जबाब घ्यायचेच नसतात, हे मी तिथे शिकलो.