गोळ्यांची डोकेदुखी आणि भाचीचं बारसं

मंडळी, आज माझ्या भाचीचं बारसं झालं. तिच्या कानात नाव सांगायचा मान माझा, आत्याचा. आणि नेमके परवा माझ्या ओठावर पाण्याचे फोड उठले.

डॉक्टरांनी विषाणूविरोधी गोळ्या दिल्या. काल दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. आई म्हणाली, "बंद कर गो त्या गोळ्या, बारशाला तरी बरी दिस."

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "या गोळ्यांनी काही जणांचं डोकं दुखतं. पाणी भरपूर प्या, मनाने गोळ्या सोडू नका. उलट्या झाल्या किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच या. आणि फोड पूर्ण बरे होईपर्यंत बाळाच्या जवळ जाऊ नका. तान्ह्या बाळाला ते फार धोक्याचे."

रडूच आलं मला. वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "ताई, नाव तुम्हीच सांगायचं. पडवीतून सांगा."

मग मास्क लावून पडवीतूनच मोठ्याने हाक मारली, "सानिका!" कानात सांगायचं नाव अख्ख्या वाडीने ऐकलं.

डोकं अजून थोडं दुखतंय, पण गोळ्या चालू आहेत. तुमच्यापैकी कुणाला या गोळ्यांनी असा त्रास झालाय का?