तिरकं बघायची सवय

बदलत्या तेजाच्या ताऱ्यांचं वेड नवऱ्याचं. लग्नानंतर ते मलाही चिकटलं. वाण नाही पण गुण लागला. मीरा रोडला राहायला आलो तेव्हा फ्लॅटच्या आधी आम्ही बिल्डिंगची गच्ची पाहिली. नया नगरच्या दिव्यांनी अर्धं आभाळ पिवळं पडतं, पण चेण्याच्या डोंगराकडे अजून थोडा अंधार उरलाय.

काम साधं असतं. तारा शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून बघायचा आणि तेजाचा अंदाज करायचा. दोघांनी मनात आकडा पक्का केल्याशिवाय बोलायचं नाही, नाहीतर एकाचं ऐकून दुसऱ्याची नजर भुलते. आणि मंद ताऱ्याकडे रोखून बघायचं नाही. रोखलं की तो नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो. ह्यांना ही सवय इतकी जडली होती की मान आपोआप वळायची.

त्या हिवाळ्यात ह्यांच्या अंदाजात काक्षीचं तेज उतरायला लागलं. काक्षी म्हणजे मृगातला तो ठळक, तांबडा तारा. मला तर ती नेहमीसारखीच दिसत होती. पण मुरलेली नजर ह्यांची, म्हणून मी माझ्याच डोळ्यांना नावं ठेवली. हे खुशीत होते. "बघच तू, मोठं काहीतरी होणार आहे, स्फोटच होईल तिचा," म्हणायचे.

एका संध्याकाळी पाहिलं, तर हे काक्षीलाही तिरकं बघत होते.

"अहो, एवढ्या ठळक ताऱ्याकडे चोरून काय बघताय? मुलगी बघायला आलात का?"

"सरळ बघितलं की जातेय ती. सांगतोय ना, विझत चाललीय."

ठळक तारा असा जात नाही.

"रोहिणीकडे बघा. सरळ."

त्यांनी बघितलं.

"तीपण जातेय."

दोन तारे एकदम विझत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलेलं. जात होती ती ह्यांची मधली, सरळ समोरचं बघायची नजर, आणि बाजूला बघायच्या त्या मेल्या सवयीने ते कळूच दिलं नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी गच्चीचा दिवा लावला.

"आता माझ्याकडे बघा."

ते वळले. सरळ बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच नजर माझ्या शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे नेली.

"हां," म्हणाले, "आता दिसतेयस."