अर्चनाचा ताप आणि बाळाचं दूध

"याला मॅस्टायटिस म्हणतात," लोणावळ्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे स्तनात दूध साचून आलेली सूज आणि त्यात झालेला जंतुसंसर्ग. बाळ अकरा दिवसांचं होतं. माझी बायको अर्चना तापानं फणफणली होती, उजवा हात वर करता येत नव्हता.

"शेवटचं कधी पाजलं?" त्यांनी मला विचारलं. मला सांगता येईना. अर्चना हळूच म्हणाली, "परवा सकाळी."

"थांबवायला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं माझ्या आईनं, "तापाचं दूध बाळाला बाधतंय." तेव्हा अर्चनानं माझ्याकडे पाहिलं, तर मी म्हणालो, "आई म्हणतीय तर ऐक." आणि पावडरचा डबा घेऊन आलो. टाकव्याच्या कंपनीत मी मशिनवर असतो, तिचा आवाज जरा बदलला तरी मला कळतो. घरात बायको दोन दिवस कण्हत होती, पण ही बायकांची गोष्ट म्हणून मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो.

मॅडम रागावल्या नाहीत. पाजणं सुरूच ठेवायचं, दिलेल्या औषधांनी बाळाला अपाय नाही, मात्र दूध साचत राहिलं तर पू होईल आणि चिरा द्यावा लागेल, असं त्यांनी समजावलं. मग सोनोग्राफी झाली. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तासभर बाकावर बसलो. त्या तासात अर्चना एकदाच बोलली.

"मला वाटलं, तुमी तरी डॉक्टरला इचाराल."

पू झाला नव्हता. नर्सताईंनी मला आत बोलावलं. मी दारात घुटमळलो. "बाळाचे बाबा ना? मग या की." त्यांनी दाखवलं, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलं पाहिजे, तोंड मोठं उघडलं की बोंडाभोवतीचा काळा भागही आत गेला पाहिजे. याला लॅच म्हणतात, म्हणजे बाळाची पकड. बाळ रडून लाल झालं. चौथ्या खेपेला त्यानं पकडलं. अर्चनानं डोळे घट्ट मिटले; मी तिच्या कोपराखाली उशी धरून उभा होतो.

घरी पाजताना मी उशी घेऊन जवळ बसलो, तर आई म्हणाली, "गडी मानसाचं हितं काय काम?"

"मला शिकवलंय, आई. मी बसणार."

दोन दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अर्चनाचा ताप उतरला. पकड नीट जमायला मात्र दोन आठवडे गेले, तोवर डबाही सुटला नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही पहिल्याच दिवशी हात टेकाल.

मग एका दुपारी आई अर्चनाजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्या वक्ताला मला बी अशीच गाठ आलती. चिरा दिला, दूध तुटलं. असलं सांगायचं कुनाला? ह्याचा बा कदी इचारायला आला न्हाई."

इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं.

जे बाप होणार आहेत त्यांना सांगतो, दुखतंय का हे बायकोला रोज विचारा, आणि तपासणीला तिच्याबरोबर आत जा. मी उशिरा गेलो. तरी मॅडमनी आणि नर्सताईंनी मला शिकवलं, त्यांचे उपकार आहेत.

त्या दुपारी मी आईला विचारलं, "लय दुखलं का गं?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "व्हय रं. लय."